पार्किन्सनच्या उंदरात एएडीसी जनुक: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

काम ठरलं. उंदराच्या मेंदूत उजव्या बाजूला ६-हायड्रॉक्सिडोपामिन टोचून तिथल्या डोपामिनच्या पेशी मारायच्या. काही आठवड्यांनी त्याच बाजूच्या स्ट्रायटममध्ये, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, एएव्ही-२ या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूतून मानवी एएडीसी (लेव्होडोपाचं डोपामिन करणाऱ्या विकराचं) जनुक पोचवायचं. मग लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेवर काय फरक पडतो ते बघायचं. २००१ सालीच असं काम छापून आलेलं आहे, त्यामुळे नव्या शोधाचा दावा नाही. पुण्यात, आपल्याकडच्या सोयींत हे उभं राहतं का आणि पुढच्या माणसाला नेमकं कुठे अडायला होईल, ते लिहून ठेवायचंय.

जीडीएनएफ, म्हणजे डोपामिनच्या पेशी जगवणारा घटक, का नाही, असं लॅबमध्ये विचारलं गेलं. १९९३ मध्ये तो सापडला तेव्हापासून उंदरांवरचे निकाल डोळे दिपवणारे आहेत. पण त्यातले सगळ्यात चांगले निकाल कधी मिळतात? आधी जनुक आणि नंतर विष, असा क्रम असतो तेव्हा. रुग्ण मात्र दवाखान्यात येतो तो बरेचसे तंतू गेल्यावरच. जीडीएनएफचाच भाऊबंद असलेल्या न्यूरट्युरिनची एएव्ही-२ मधून दिलेली चाचणी माकडांपर्यंत छान चालली होती. माणसांवरच्या दुहेरी-अंध चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला, त्यात मुख्य निकषावर फरक दिसला नाही. एएडीसी पेशी वाचवण्याचं वचन देत नाही. लेव्होडोपाचं डोपामिन करणारं विकर स्ट्रायटममधून गेलेलं असतं, ते परत आणतो, एवढंच. हे छोटं वचन मला जास्त भरवशाचं वाटतं.

परवानग्या: प्राणी नीतिमत्ता समितीचा फॉर्म बी आणि जैवसुरक्षा समिती, दोन्ही मिळाल्या. ॲम्फेटामिन देऊन उंदीर किती गोल फिरतो ते मोजायचं मात्र जमलं नाही. ते एनडीपीएस कायद्याखाली येतं आणि परवान्याची फाइल महिनोन्‌महिने हललीच नाही. शेवटी ते सोडून अपोमॉर्फिन (डोपामिनसारखं काम करणारं औषध), स्टेपिंग (पंजाची पावलं मोजणं) आणि सिलिंडर (काचेच्या नळकांड्यात उंदीर कोणता पंजा टेकतो ते बघणं) चाचणीवर आलो. कुणाला ॲम्फेटामिन हवंच असेल तर बाकी कशालाही हात लावण्याआधी तो अर्ज टाका.

२९ जानेवारी

जनुक असलेला डीएनएचा गोल तुकडा, म्हणजे प्लाझ्मिड, आलं, जिवाणूंत वाढवलं, आणि तिथेच अडलं. एएव्हीच्या जनुकाच्या दोन्ही टोकांना आयटीआर नावाचे १४५ अक्षरांचे तुकडे असतात. ते स्वतःवरच दुमडतात आणि साध्या जिवाणूंना ते झेपत नाहीत, वाढवताना गाळून टाकतात. आयटीआर गेलं की विषाणूत जनुक भरलंच जात नाही. मधल्या जनुकाचं सिक्वेन्सिंग अगदी स्वच्छ आलं होतं. एसएमए-वन एन्झाइमने कापून जेलवर चालवलं तेव्हा मात्र पट्ट्यांचा नकाशा चुकला. निवडलेल्या कॉलनींपैकी निम्म्यांत एका बाजूचं आयटीआर मोडकं होतं.

उपाय: स्टेबल-थ्री जातीचे जिवाणू, ३७ ऐवजी ३० अंश, आणि रात्रभर वाढवून सकाळी वेळेवर उतरवणं. दर वेळी नव्या कॉलनीपासून सुरुवात करायची, आणि मोठ्या प्रेपआधी व प्रेपनंतर एसएमए-वन कापणी करायचीच. यात जवळजवळ तीन आठवडे गेले. कापणीचा खर्च काहीशे रुपयांचा, आणि ती टाळली असती तर पुढची सगळी बॅच पाण्यात गेली असती.

४ मार्च

विषाणू बनवला. एचईके-२९३टी या मानवी पेशी, तीन प्लाझ्मिड आणि ती पेशींत शिरवणारं पीईआय, तीन दिवसांनी पेशी उतरवल्या. आयोडिक्सॅनॉल या जड द्रवाचे १५, २५, ४० आणि ६० टक्क्यांचे थर लावून अल्ट्रासेंट्रिफ्यूज. विषाणू ४० टक्क्यांच्या थरात बसतो. त्याच्या वर पांढुरका प्रथिनांचा पट्टा दिसतो, त्याच्या मोहात पडू नका. सुई खालून घाला आणि पट्टा जवळ आला की थांबा. थोडा विषाणू गेला तरी चालेल, कचरा आत यायला नको.

एका बॅचला पेशींचं माध्यम, प्लास्टिक, आयोडिक्सॅनॉल सगळं धरून लाखभर रुपये लागले. बाहेरून तयार विषाणू मागवला असता तर पैशांखेरीज ड्राय आइस, कस्टम्स आणि वाटेतला उशीर असा वेगळाच घोर.

२१ मार्च

टायटर, म्हणजे विषाणू किती दाट आहे ते मोजणं. क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती मोजणारी चाचणी) आकडा आला तो इतका छान की शंकाच आली. मानक म्हणून आम्ही गोल, पिळलेलं प्लाझ्मिड वापरत होतो. असं प्लाझ्मिड पीसीआरमध्ये पहिल्या काही फेऱ्या नीट उलगडत नाही. त्यामुळे मानक उशिरा उठतं आणि त्याच्या तुलनेत नमुना आहे त्यापेक्षा दाट दिसतो. तेच प्लाझ्मिड एका ठिकाणी कापून सरळ केलं आणि पुन्हा मोजलं तर आकडा कित्येक पटींनी उतरला. वाईट वाटलं, पण खरा आकडा हाच.

शेवटी सौम्य करून सगळ्या कुप्या मिलिलिटरला एक लाख कोटी जनुक-प्रती, म्हणजे १० चा १२ वा घात, अशा एका पातळीवर आणल्या. तुलनेसाठीचा, एएडीसीऐवजी जीएफपी हे चमकणारं प्रथिन देणारा कंट्रोल विषाणूही त्याच पातळीवर. हे दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं. दोन गटांना वेगवेगळ्या ताकदीचा विषाणू गेला तर तुलना कशाशी करणार?

द्रावणात ०.००१ टक्का प्लुरॉनिक एफ-६८ घातलं, नाहीतर विषाणू प्लास्टिकला आणि सुईच्या पोलादाला चिकटतो. लहान लहान कुप्या करून उणे ८० मध्ये ठेवल्या. एकदा वितळलेली कुपी परत गोठवायची नाही.

२२ एप्रिल

लीजनची (विषाने पेशी मारण्याची) पहिली तुकडी. विस्टार नर, २३० ते २५० ग्रॅम. ब्रेग्मा या कवटीवरच्या खुणेपासून ४.४ मिमी मागे, १.२ बाजूला, ड्युरा या मेंदूच्या आवरणापासून ७.८ खाली, दात टेकवायचा टूथबार शून्याखाली २.४. निशाणा मीडियल फोरब्रेन बंडल, जिथे नायग्राकडून (डोपामिनच्या पेशी असलेल्या भागाकडून) येणारे सगळे तंतू एका जुडीत जातात. पॅक्सिनोस-वॉटसनचा उंदराच्या मेंदूचा ॲटलास साधारण २९० ग्रॅमच्या विस्टार नरांवरचा आहे. लहान उंदरावर तेच आकडे टाकले तर सुई भलतीकडे जाते, म्हणून आधी दोन उंदरांत निळा रंग टोचून छेद पाहिले आणि मगच पुढे गेलो.

६-हायड्रॉक्सिडोपामिन नॉरॲड्रेनालिनच्या पेशींतही शिरतं. त्या वाचाव्यात म्हणून अर्धा तास आधी डेसिप्रामिन, किलोला २५ मिग्रॅ. विषाची मात्रा ८ मायक्रोग्रॅम, ४ मायक्रोलिटरमध्ये, ०.०२ टक्के ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेल्या सलाइनमध्ये.

इथे एक हिशेब नीट बघा. हे रसायन हायड्रोक्लोराइड आणि हायड्रोब्रोमाइड अशा दोन क्षारांत मिळतं. ८ मायक्रोग्रॅम शुद्ध बेस हवा असेल तर पहिल्याचे ९.७ आणि दुसऱ्याचे ११.८ मायक्रोग्रॅम लागतात. पेपरांत बऱ्याचदा कोणता क्षार आणि वजन कशाचं, ते लिहिलेलंच नसतं. आमच्याकडे हायड्रोब्रोमाइड आहे, बाटलीवर मोठ्या अक्षरांत गुणक लिहून चिकटवला.

शस्त्रक्रियेनंतर त्वचेखाली सलाइन, मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, आणि पेलेट पाण्यात भिजवून बशीत. ॲनिमल हाउसचे मामा रोज सकाळी वजन घेतात. एका बाजूचं लीजन असलं तरी काही उंदीर पहिले चार-पाच दिवस खाणंच सोडतात. वीस टक्के वजन उतरलं तर तो प्राणी प्रयोगातून बाहेर काढायचा, हा नियम समितीपुढे लिहून दिलाय. मामांचा हात उंदरांना ओळखीचा आहे. त्यांनी भरवलेले उंदीर आमच्यापेक्षा लवकर सावरले, हे मी जसंच्या तसं नोंदवते.

२० मे

अपोमॉर्फिन चाचणी, किलोला ०.०५ मिग्रॅ, त्वचेखाली. तंतू नव्वद टक्क्यांहून जास्त गेले असतील तर डोपामिनवाचून उपाशी पडलेले रिसेप्टर अतिसंवेदनशील होतात आणि उंदीर लीजनच्या उलट बाजूला, म्हणजे आमच्याकडे डावीकडे, गोल फिरायला लागतो. लीजन अर्धवट असेल तर हा उंदीर फिरतच नाही. निकष ठेवला मिनिटाला पाच पूर्ण फेऱ्या.

स्वयंचलित रोटोमीटरची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानातून गोल बुडाची मोठी स्टीलची पातेली आणली, वर वेबकॅम लावले, आणि फेऱ्या दोन जणांनी वेगवेगळ्या मोजल्या. दोघांच्या मोजणीत फारसं अंतर पडलं नाही. ही सोय कुणीही करावी. अपोमॉर्फिनचं द्रावण हिरवट दिसलं तर फेकून द्या, ते ऑक्सिडाइज झालेलं असतं.

निकाल निराशेचा. निम्म्याहून कमी उंदीर निकषाला उतरले.

२७ मे

आठवडाभर कारण शोधलं. निर्देशांक चुकले म्हणावं तर निळा रंग बरोबर जागी गेला होता. मग उंदीर शस्त्रक्रियेच्या क्रमाने कागदावर मांडले, आणि चित्र लगेच उलगडलं. सकाळचे पहिले दोन-तीन उंदीर भरपूर फिरतात, दुपारचे जेमतेम, संध्याकाळचे अजिबात नाही. प्रत्येक दिवसाची तीच गोष्ट.

६-हायड्रॉक्सिडोपामिन हवा, उजेड आणि उष्णता तिन्हींनी बिघडतं. पुण्याचा एप्रिल, शस्त्रक्रियेच्या खोलीतला एसी धापा टाकणारा, आणि सकाळी बनवलेलं एकच द्रावण दिवसभर. बर्फावर होतं, पण सिरिंज भरून स्टँडवर लावल्यानंतरचा वेळ कुणी मोजत नव्हतं. द्रावणाला लालसर छटा येईपर्यंत बरंचसं विष निकामी झालेलं असतं, म्हणून रंग बघून ठरवायचं हेच चुकीचं.

नवी पद्धत: पावडर आधीच मोजून लहान काळ्या कुप्यांत, उणे ८० मध्ये. दर दोन उंदरांना नवी कुपी, त्याच वेळी विरघळवायची. सिरिंजवर ॲल्युमिनियम फॉइल. प्रत्येक उंदरासमोर द्रावण बनवल्याची आणि टोचल्याची वेळ लिहायची. शस्त्रक्रिया सकाळीच, दुपारी एकही नाही.

अर्धवट लीजनचे उंदीर पुढच्या प्रयोगात घेता येत नाहीत. ते हात सरावाला आणि अँटिबॉडीचं प्रमाण ठरवायला वापरले, एकाचाही जीव नुसता वाया जाऊ दिला नाही. समितीकडून वाढीव प्राण्यांची मंजुरी घेताना हे सगळं जसं घडलं तसं लिहून दिलं.

२४ जून

दुसरी तुकडी, नव्या पद्धतीने. पावसाळा सुरू झालाय, ॲनिमल हाउसमधली आर्द्रता चढलेली, डीह्युमिडिफायर सतत चालू. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत मध्ये काही क्षण जातात. भुलीच्या आयसोफ्ल्युरेनच्या यंत्राला यूपीएस जोडून घेतला.

२९ जुलै

आता बहुतेक सगळे उंदीर निकषाला उतरले. स्टेपिंग चाचणीही केली: उंदराला धरून एकच पंजा टेबलावर ठेवू द्यायचा, सुमारे ५ सेकंदांत ९० सेंमी बाजूला सरकवायचं आणि पावलं मोजायची. उजवा पंजा भराभर पावलं टाकतो, डावा फरपटत येतो. यासाठी उंदीर हाताळणाऱ्याच्या हातात शांत राहिला पाहिजे. आठवडाभर रोज हातात घेऊन सवय केली नाही तर ही चाचणी करूच नका, मोजाल ती फक्त भीती.

फेऱ्या आणि पावलं दोन्ही बघून समतोल गट पाडले. कुप्यांवर संकेत घातले. कोणत्या कुपीत काय आहे, ते वेगळ्या प्रकल्पावरच्या एका ताईंकडे बंद पाकिटात आहे.

५ ऑगस्ट

विषाणू टोचला. स्ट्रायटममध्ये दोन जागी दोन-दोन मायक्रोलिटर, म्हणजे एका उंदराला चारशे कोटी प्रती. वेग मिनिटाला ०.२ मायक्रोलिटर. संपल्यावर पाच मिनिटं थांबून सुई हळूहळू वर.

सुरुवातीलाच सुई तुंबली. हॅमिल्टन सिरिंजला काचेची बारीक नळी जोडलेली, तिचं टोक ड्युरा फाडताना बुजलं. पंप चालूच राहतो, दाब वाढतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. तेव्हापासून क्रम असा: आधी वाकवलेल्या ३० गेजच्या सुईने ड्युरा कापायचा. नळी आत घालण्याआधी हवेत एक थेंब काढून बघायचा आणि बाहेर काढल्यावर पुन्हा बघायचा. शेवटी थेंब आला नाही तर त्या उंदरासमोर खूण. तुंबलेला उंदीर विश्लेषणात घ्यायचा नाही, हे संकेत फोडण्याआधी ठरवलेलं बरं. नंतर ठरवलं की मन आपल्या सोयीचं ठरवतं.

२ सप्टेंबर

एएव्हीतून विकर पुरेसं तयार व्हायला तीन-एक आठवडे लागतात. त्या हिशेबाने लेव्होडोपाच्या चाचण्या ७ सप्टेंबरच्या आठवड्यात येत होत्या. त्याच दिवशी गणेश चतुर्थी, आणि आमची इमारत मिरवणुकीच्या रस्त्यापासून लांब नाही. ढोल-ताशाच्या सरावालाच उंदीर कोपऱ्यात दबून बसताना दिसले. दबलेल्या उंदराचं स्टेपिंग आणि सिलिंडर काहीच खरं नसतं. १७ तारखेला अनंत चतुर्दशी, दुसऱ्या दिवसापर्यंत आवाज राहणारच. चाचण्या २३ पासून ठेवल्या. पुण्यात वर्तन-चाचण्यांचं वेळापत्रक करताना पंचांग बघायला हवं, हे मी मनापासून सांगते.

३० सप्टेंबर

सगळ्यांना बेन्सेराझाइड किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे लेव्होडोपाचं रूपांतर मेंदूबाहेर होणार नाही. मग लेव्होडोपा आधी २ मिग्रॅ, काही दिवसांच्या अंतराने ६. लेव्होडोपा पुन्हा पुन्हा दिलं की उंदीर सरावतो आणि पुढच्या वेळी जास्त फिरतो, त्यामुळे सगळ्या गटांना क्रम तोच आणि अंतरही तेच.

२ मिग्रॅवर संकेत ‘ख’चे बरेच उंदीर डावीकडे फिरू लागले. ‘क’ जवळपास जागेवरच. ६ मिग्रॅवर दोन्ही गट फिरले, पण ‘ख’मधल्या काहींची मान वळून राहिली, डावा पंजा उगाच हलत राहिला. हा डिस्कायनेशिया, म्हणजे लेव्होडोपाने येणाऱ्या अनावर हालचाली. लेव्होडोपाशिवाय स्टेपिंग केलं तेव्हा दोन्ही गट सारखेच फरपटले. तसंच असायला हवं होतं, कारण कच्चा माल नसेल तर विकर एकटं काय करणार? २ मिग्रॅ दिल्यावर ‘ख’च्या डाव्या पंजाने थोडी जास्त पावलं टाकली.

पाकीट फोडलं. ‘ख’ म्हणजे एएडीसी.

आनंद झालाच. तरी लिहून ठेवते: जास्त फिरणं म्हणजे बरं होणं नव्हे. फेऱ्या एवढंच सांगतात की त्या बाजूला डोपामिन तयार झालं आणि अतिसंवेदनशील रिसेप्टरांवर पोचलं. रुग्णाच्या दृष्टीने मोलाची ती पावलं, आणि त्यांतला फरक लहान आहे. मांडताना आम्ही पावलांचा आलेख आधी लावणार.

२१ ऑक्टोबर

परफ्युजन (मेंदू रसायनाने टिकवणं), ४० मायक्रॉनचे छेद, टीएच (डोपामिनच्या तंतूंची खूण असलेलं विकर) आणि एएडीसी दोन्हींचं स्टेनिंग. दोन अँटिबॉडींचा खर्च विषाणूच्या बॅचच्या जवळ गेला. टीएचने दाखवलं की दुसऱ्या तुकडीत उजवं स्ट्रायटम जवळपास रिकामं आहे, डावं दाट तपकिरी.

एएडीसीच्या स्टेनिंगमध्ये फसायला होतं. सेरोटोनिनच्या तंतूंतही हेच विकर असतं आणि ६-हायड्रॉक्सिडोपामिनने ते तंतू मरत नाहीत. त्यामुळे जीएफपीच्या उंदरांतही उजव्या बाजूला फिकट जाळं दिसतं. ६ मिग्रॅवर जीएफपी गट फिरला त्यातही या तंतूंचा हात असणार. पेशींचा गोल आकार भरून रंगला असेल तरच तो आपल्या विषाणूचा, असा निकष धरला.

मग खरी गोष्ट दिसली. एएडीसी गटात २ मिग्रॅवर काही उंदीर फिरलेच नव्हते. त्यांचे छेद पाहिले तर रंगलेल्या पेशी कॉर्टेक्समध्ये, सुईच्या वाटेने वर. द्रव नळीलगत मागे चढून आला होता. ज्यांच्यात स्ट्रायटम चांगलं भरलं तेच जोरात फिरले. जनुक सगळ्यांना एकच, कुपी एकच, फरक फक्त तो कुठे आणि किती पसरला याचा. त्यात एएव्ही-२ हेपारान सल्फेटला धरून राहतो, त्यामुळे टोचल्या जागेपासून फार लांब जात नाही.

१६ नोव्हेंबर

या आठवड्यात अमेरिकेत एफडीए या औषध नियामकाने एएडीसीच्या जन्मजात कमतरतेवरच्या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. युरोपात तो जुलै २०२२ पासून आहे. एएव्ही-२, मानवी एएडीसी, थेट प्युटामेनमध्ये (माणसाच्या स्ट्रायटमचा भाग). आमच्या कुपीत जे आहे तेच, त्याच घराण्यातलं. ज्या मुलांना मानही धरता येत नव्हती त्यांतली काही बसायला, काही चालायलाही लागली. लॅबमध्ये बातमी मोठ्याने वाचली.

पार्किन्सनमध्ये गोष्ट जास्त अवघड आहे. उंदराचा मेंदू दोन ग्रॅमचा, माणसाचा तेराशेच्या वर. माणसांवरच्या २०१९ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत एमआरआय बघत बघत विषाणू सोडला. तिन्ही गटांत प्युटामेनचा अनुक्रमे २१, ३४ आणि ४२ टक्के भाग भरला, आणि लेव्होडोपाची गरज जास्त भरलेल्यांत जास्त घटली. आमच्या कॉर्टेक्समध्ये रंगलेल्या छेदांनी तेच सांगितलं होतं.

९ डिसेंबर

पुढच्या तुकडीसाठी बदल पक्के. एएव्ही-२ सोबत एएव्ही-५ चा एक गट, कारण उंदराच्या स्ट्रायटममध्ये तो जास्त पसरतो. मागे चढणं थांबवायला पायरी असलेली नळी: टोकाशी बारीक, वर थोडी जाड. काचेवर बाहेरून सिलिकाची नळी चिकटवून लॅबमध्येच करून पाहिली. मेंदूसारख्या मऊ ०.६ टक्के अगरोज जेलमध्ये निळा रंग सोडला तर तो गोळ्यासारखा बसला, वर चढला नाही.

जीएफपीचा कंट्रोलही बदलणार. जास्त मात्रेत जीएफपी स्वतःच पेशींना त्रास देतो. कंट्रोल गट त्यामुळे खालावला तर आपला उपचार फुकटचा चांगला दिसेल. म्हणून निष्क्रिय केलेलं एएडीसी असलेला विषाणू बनवायला घेतला आहे. त्याच्या प्लाझ्मिडची एसएमए-वन कापणी आज झाली, दोन्ही आयटीआर शाबूत आहेत. लेव्होडोपाच्या मात्रा १, २ आणि ४ मिग्रॅ ठेवणार, ६ नाही. लीजनच्या शस्त्रक्रिया जानेवारीत, गारठ्यात उरकून घेऊ.